एका सर्व्हरवरून ४० मशीनवर लिनक्स बसवायचे आहे. जुनी मशीन अर्ध्यात अडकतात, नवी सुरूच होत नाहीत

लॅब_विश्रामबाग (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीतील एका महाविद्यालयाच्या संगणक लॅबची जबाबदारी माझ्याकडे आहे. लॅबमध्ये ४० मशीन आहेत. त्यांपैकी २४ जुनी, ४ जीबी रॅमची आणि जुन्या पद्धतीच्या बायोसवर (मशीन सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमवर) चालणारी आहेत. २०१९ च्या महापुरानंतर लॅब तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर नेली, तेव्हा ती वापरलेली म्हणून स्वस्तात घेतली होती. उरलेली १६ त्यामानाने नवी असून त्यांत यूईएफआय (बायोसची नवी पिढी) आणि एनव्हीएमई या नव्या प्रकारची डिस्क आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसल्यामुळे त्यांच्यावर विंडोज ११ रीतसर बसत नाही. त्यामुळे सर्वच मशीनवर लिनक्स घालावे, असे विभागात ठरले आहे.

सुरुवातीला दोन पेनड्राइव्ह घेऊन बसलो. प्रत्येक मशीनपुढे तीच भाषा, तोच टाइमझोन, तीच डिस्कची विभागणी आणि तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा भरत दिवसभरात पाच मशीन झाली, त्यांतल्या दोघांचे पासवर्ड मी वेगळेच टाइप केल्याचे दुसऱ्या दिवशी लक्षात आले. म्हणून नेटवर्कवरून आपोआप इन्स्टॉल करणारा सर्व्हर उभा करायला घेतला आहे.

इंटरनेट कंपनीने दिलेला राउटरच आयपी पत्ते वाटतो आणि त्याच्या डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटणाऱ्या सेवेत) बूट सर्व्हरचे नाव व फाईल, म्हणजे ६६ आणि ६७ हे पर्याय, भरण्याची सोय नाही. त्यामुळे एका ८ जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम प्रॉक्सी पद्धतीने, म्हणजे पत्ते राउटरनेच वाटायचे आणि बूटची माहिती तेवढी याने द्यायची असा, चालवला आहे. त्यातूनच टीएफटीपी ही लहान फाईली पाठवण्याची साधी सेवा सुरू केली आहे आणि मोठ्या फाईलींसाठी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवला आहे. सूचना भरपूर सापडल्या म्हणून उबंटू सर्व्हर २४.०४ आणि त्याची ऑटोइन्स्टॉलची पद्धत निवडली. त्यावर नंतर हलका डेस्कटॉप चढवण्याचा विचार होता.

आता परिस्थिती अशी आहे की जुन्या मशीनवर मेनू दिसतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) उतरतो, पाठोपाठ इन्स्टॉलरची आयएसओ फाईल डाउनलोड होऊ लागते आणि थोड्या वेळाने डिस्कवर जागा उरली नाही अशा अर्थाची चूक दाखवून सारे थांबते. वास्तविक त्या मशीनमध्ये ५०० जीबीच्या डिस्क आहेत. नव्या मशीनवर तर मेनूच येत नाही. आयपीव्ही४ वरून पीएक्सई (नेटवर्कवरून मशीन सुरू करण्याची पद्धत) सुरू होत असल्याची ओळ येते, काही सेकंद जातात आणि पीएक्सई-ई१६ ही चूक येऊन मशीन पुन्हा बायोसच्या पडद्यावर जाते. दोन्ही प्रकारांत माझे कोठे चुकते आहे, हे कृपया सांगावे.

कराड_कोयनाकाठ

नमस्कार सर. आधी नव्या मशीनचे पाहू, कारण तिथला दोष तुलनेने सरळ आहे. आपल्या डीएनएसमास्कच्या फाईलमध्ये पीएक्सई-सर्व्हिसची एकच ओळ असावी आणि ती एक्स८६पीसी या प्रकारासाठी असावी, असा माझा अंदाज आहे. पीएक्सईने सुरू होणारे प्रत्येक मशीन डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या पर्यायातून आपली जात सांगते: जुन्या बायोसचे मशीन ० हा अंक पाठवते, ६४ बिटी यूईएफआयचे मशीन बहुधा ७ पाठवते. आपल्या सर्व्हरपाशी फक्त ० साठी उत्तर असेल, तर ७ पाठवणाऱ्याच्या बाबतीत तो काहीच बोलत नाही. राउटर पत्ता देतो, पण कोणती फाईल उचलायची हे कोणीच सांगत नाही, म्हणून आपल्याला वैध प्रस्ताव मिळाला नाही असे समजून मशीन नाद सोडते.

हे अंदाजावर न ठेवता डोळ्यांनी पाहून घ्यावे. डीएनएसमास्कमध्ये लॉग-डीएचसीपी हा पर्याय चालू करून एक जुने आणि एक नवे मशीन सुरू करावे. लॉगमध्ये जुन्याच्या ओळीत 'पीएक्सईक्लायंट:आर्च:०००००' असे आणि नव्याच्या ओळीत 'पीएक्सईक्लायंट:आर्च:००००७' असे दिसले, तर शंका मिटली. त्यानंतर ७ साठी स्वतंत्र ओळ घालावी. इथे एक खाच आहे, जिच्यापायी माझा एक अख्खा रविवार गेला होता. डीएनएसमास्क या प्रकारांना नावेही देतो आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये बीसी-ईएफआय व एक्स८६-६४-ईएफआय या दोन नावांचे अंक एकमेकांच्या जागी होते; मूळ मानकातच झालेल्या एका चुकीमुळे हे घडले होते आणि पुढे ते बदलण्यात आले. इंटरनेटवरच्या सूचना कोणत्या आवृत्तीच्या काळातल्या आहेत हे कळत नाही, म्हणून नावाच्या जागी सरळ ७ हा अंक लिहावा.

प्रॉक्सी पद्धतीत पीएक्सई-सर्व्हिसच्या ओळींवरच विसंबावे, हेही ध्यानात ठेवावे. अनेकजण डीएचसीपी-बूटची ओळ लिहून वाट पाहत बसतात.

यूईएफआयच्या मशीनला पीएक्सलिनक्सची, म्हणजे बायोसच्या मशीनसाठीच्या बूट प्रोग्रॅमची, जुनी फाईल चालत नाही, तिला .ईएफआय शेवट असलेली फाईल लागते. सिक्युअर बूट (सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर आधी सही असलेली शिम ही छोटी फाईल आणि तिच्यामागून ग्रब हा लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम, असा क्रम ठेवावा लागतो. सिक्युअर बूट बंद करून काम भागते हे खरे, पण ते १६ मशीनवर हाताने बंद करायचे, आणि पुढे कोणी बायोस मूळ स्थितीला आणला की पुन्हा तेच, त्यापेक्षा सही असलेल्या फाईली वापरणे बरे.

फायरवॉल चालू असल्यास यूडीपीचे ६७, ६९ आणि ४०११ हे पोर्ट मोकळे ठेवावेत. तेवढ्यानेही काही वेळा टीएफटीपी अडते, कारण विचारणा ६९ वर होते, पण फाईल दुसऱ्याच कुठल्यातरी पोर्टवरून येते. त्यासाठी डीएनएसमास्कमध्ये टीएफटीपीच्या पोर्टची मर्यादा ठरवून तेवढेच पोर्ट उघडता येतात.

मिरज_जंक्शन

जुन्या मशीनची अडचण डिस्कची नाही, रॅमची आहे. उबंटूचे सध्याचे सर्व्हर इन्स्टॉलर नेटवर्कवरून सुरू केले की कर्नल उतरल्यानंतर अख्खी आयएसओ फाईल मशीनच्या रॅममध्ये ओढून घेते आणि तिथूनच पुढचे काम चालवते. २४.०४ ची ही फाईल अडीच जीबीहून मोठी आहे. ४ जीबीच्या मशीनमध्ये तात्पुरत्या फाईलींसाठी रॅमचा साधारण निम्मा भाग मिळतो. आयएसओ त्यात मावत नाही, आणि जागा संपल्याची ती ओळ या रॅममधल्या जागेविषयी बोलते. आपल्या ५०० जीबीच्या डिस्कला त्या क्षणापर्यंत कोणी हातही लावलेला नसतो.

रॅम वाढवता आली तरी हा मार्ग आपल्या लॅबला परवडेल असे मला वाटत नाही. लॅबचा स्विच १०० एमबीपीएसचा असेल, तर सर्व्हरच्या पोर्टमधून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी बाहेर पडतात. २.६ जीबीची फाईल ४० मशीनला द्यायची म्हणजे १०४ जीबी झाले. त्याला सर्व काही सुरळीत चालले तरी सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागेल, आणि तोवर इन्स्टॉलेशनला सुरुवातही झालेली नसेल. गिगाबिट स्विच असेल तर हेच काम पंधरा मिनिटांच्या आसपास येते, म्हणून आधी स्विचवरचा छाप वाचावा.

माझे मत स्पष्ट आहे: डेबियन घ्यावे. त्याच्या नेटबूट इन्स्टॉलरचा कर्नल आणि इनिटआरडी (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या फाईलींचा गठ्ठा) मिळून शंभर एमबीच्या आत राहतात आणि बाकी सारी पॅकेजे लागतील तशी एचटीटीपीवरून येतात. नेटबूटची टार फाईल (अनेक फाईली एकत्र बांधलेली फाईल) टीएफटीपीच्या मुळाशी जशीच्या तशी उलगडावी. आतल्या डिरेक्टरींची नावे बदलू नयेत, कारण ग्रब आपली मेनूची फाईल त्याच ठरलेल्या मार्गावर शोधतो. त्या टारमध्ये बायोससाठी पीएक्सलिनक्स आणि यूईएफआयसाठी सही असलेली शिम व ग्रब, दोन्ही असतात, त्यामुळे कराडकरांनी वर सांगितलेले काम निम्म्याने हलके होते.

पॅकेजांसाठी सर्व्हरवर ॲप्ट-कॅशर-एनजी हा पॅकेजे साठवून ठेवणारा प्रोग्रॅम बसवून प्रीसीड फाईलमध्ये (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहिलेल्या फाईलमध्ये) प्रॉक्सी म्हणून त्याचा पत्ता आणि ३१४२ हा पोर्ट द्यावा. पहिले मशीन इंटरनेटवरून पॅकेजे आणील आणि नंतरच्या ३९ मशीनना तीच सर्व्हरच्या डिस्कवरून मिळतील. म्हणून पहिले मशीन एकटे लावावे, ते पूर्ण झाल्यावरच बाकीच्यांना हात घालावा. एकदम ४० सुरू केली तर कॅश भरण्याआधीच सगळी त्याच्या दारात उभी राहतात.

प्रीसीडमध्ये नवख्याला हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न. प्रीसीड फाईल नेटवर्कवरून यायची असेल, तर नेटवर्क चालू होण्याआधीच विचारले जाणारे हे प्रश्न त्या फाईलमधून सोडवता येत नाहीत. त्यासाठी कर्नलच्या ओळीत ऑटो हे परिमाण खरे करावे आणि प्रायॉरिटी क्रिटिकल ठेवावी, म्हणजे हे प्रश्न फाईल येईपर्यंत मागे ढकलले जातात.

वाई_वरून

इतका खटाटोप कशासाठी, असा माझा साधा प्रश्न आहे. एक मशीन नीट तयार करावे, क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने त्याची प्रतिमा घ्यावी आणि मल्टिकास्टने सर्वांवर एकाच वेळी सोडावी. आमच्या शाळेत ३० मशीनचे काम एका दुपारी उरकले, आणि प्रीसीडच्या फाईलीतले एकही अक्षर मला शिकावे लागले नाही.

मिरज_जंक्शन

वाईकरांचे म्हणणे एकसारख्या मशीनच्या बाबतीत बरोबर आहे आणि तिथे मीही तेच केले असते. इथे मात्र एका बाजूला बायोस व साधी डिस्क, दुसऱ्या बाजूला यूईएफआय व एनव्हीएमई आहे, म्हणजे किमान दोन प्रतिमा सांभाळाव्या लागतील आणि प्रत्येक सुधारणेनंतर दोन्ही नव्याने घ्याव्या लागतील. शिवाय प्रतिमा घेण्यापूर्वी मशीन-आयडीची फाईल रिकामी केली नाही आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सेवेच्या) किल्ल्या पुसल्या नाहीत, तर सर्व मशीन एकाच ओळखीने जगू लागतात. त्याच आयडीवरून डीएचसीपीची ओळख तयार होत असेल, तर राउटर दोन-दोन मशीनना एकच पत्ता देतो, आणि हा घोळ शोधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात प्रीसीड शिकून होते.

सातारा_अजिंक्यतारा

वरच्या सर्व उत्तरांत न आलेला एक मुद्दा मी सांगतो, कारण तो मी स्वतः भोगला आहे. मी पूर्वी ज्या संस्थेत होतो तिथल्या लॅबमध्ये अशीच व्यवस्था केली होती. सगळ्या मशीनच्या बायोसमध्ये नेटवर्क पहिले आणि डिस्क दुसरी असा क्रम लावला होता, आणि सर्व्हरच्या मेनूत दहा सेकंदांनंतर आपोआप निवडला जाणारा पर्याय इन्स्टॉलचा होता. काम लवकर व्हावे म्हणून तो तसा केला होता आणि काम झाल्यावर बदलायचा राहून गेला. जुलै महिन्यात एका रात्री पावसात वीज गेली. पहाटे ती परत आली, तेव्हा वीज आल्यावर आपोआप सुरू व्हावे असे बायोसमध्ये असलेली मशीन सुरू झाली, त्यांनी नेटवर्कवर विचारणा केली, सर्व्हरने नेहमीच्या तत्परतेने उत्तर दिले आणि सकाळी साडेदहाला मी कुलूप उघडले तेव्हा अकरा मशीन नव्याकोऱ्या स्थितीत लॉगिनच्या पडद्यावर उभी होती. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प त्यांतल्या चार मशीनवर होते. पेनड्राइव्हवर प्रत ठेवणारी मुले वाचली, बाकीच्यांना काय उत्तर द्यायचे ते मला आजही सुचलेले नाही.

म्हणून मेनूचा आपोआप निवडला जाणारा पर्याय नेहमी स्थानिक डिस्कवरून सुरू करण्याचा असावा. पीएक्सलिनक्समध्ये त्यासाठी लोकलबूट आहे. यूईएफआयच्या ग्रबमध्ये एक्झिट दिले की फर्मवेअर क्रमातल्या पुढच्या नोंदीकडे जाते. बायोसमध्ये डिस्कच पहिली ठेवावी आणि इन्स्टॉल करायचे असेल त्या वेळेपुरते एफ१२ दाबून नेटवर्क निवडावे. ४० मशीनवर एकदा एफ१२ दाबायला लागणारा वेळ वाया गेला असे मी आता म्हणत नाही.

दुसरे असे की प्रीसीडची फाईल एचटीटीपीवर ठेवली की लॅबमधला कोणताही विद्यार्थी ती ब्राउझरमध्ये उघडून वाचू शकतो. पासवर्ड उघडा लिहू नये, त्याचा हॅश (ज्यातून मूळ पासवर्ड सहज काढता येत नाही असे रूप) द्यावा. आणि तोही नंतर बदलावा.

लॅब_विश्रामबाग (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. लॉग पाहिला आणि कराडकर म्हणाले तसेच निघाले: नव्या सोळाही मशीनच्या ओळीत ००००७ आहे आणि माझ्या फाईलमध्ये त्यासाठी एकही ओळ नव्हती. ती घातली, डेबियनची टार जशीच्या तशी उलगडली आणि नव्या मशीनवर पहिल्यांदा मेनू दिसला. जुन्या एका मशीनवर प्रीसीडने संपूर्ण इन्स्टॉलेशन कोठेही न विचारता पार पडले; कीबोर्डला हात न लावता पडद्यावर पट्ट्या सरकताना पाहायला विभागातले तिघे जण येऊन उभे राहिले होते.

आता तीन नव्या अडचणी आहेत. पहिली, प्रीसीडमध्ये डिस्कचे नाव एसडीए असे दिले होते, ते नव्या मशीनवर सापडत नाही. दुसरी, राउटर मशीनना नावे देत नाही, त्यामुळे प्रत्येक मशीनचे नाव 'डेबियन' असेच होते. तिसरी मला मुळीच समजत नाही: नव्या मशीनपैकी भिंतीकडच्या रांगेतल्या सहा मशीनना पहिल्या प्रयत्नात काहीच मिळत नाही, पण मशीन बंद न करता बूटच्या यादीतून पुन्हा नेटवर्क निवडले की लगेच मेनू येतो. बाकीच्या दहांना पहिल्याच खेपेला येतो.

कराड_कोयनाकाठ

भिंतीकडची रांग वेगळ्या स्विचवर आहे का, आणि तो सेटिंग करता येण्यासारखा स्विच आहे का, हे पाहावे. तसे असल्यास त्यावर स्पॅनिंग ट्री चालू असणार. मशीन सुरू होताना नेटवर्क कार्डाची जोडणी तुटून पुन्हा जुळते. त्यानंतर कुठे लूप तर होत नाही ना, याची खात्री करण्यासाठी स्विच तो पोर्ट आधी १५ सेकंद ऐकण्याच्या आणि मग १५ सेकंद शिकण्याच्या अवस्थेत ठेवतो. या ३० सेकंदांत मशीनने मारलेल्या हाका सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीत आणि काही फर्मवेअर तेवढे थांबत नाहीत. दुसऱ्या खेपेला पोर्ट आधीच खुला झालेला असतो, म्हणून लगेच काम होते. ज्या पोर्टवर फक्त मशीन जोडलेली आहेत तिथे पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न पाहता पोर्ट लगेच खुला करण्याची सोय, चालू करावे. काही कंपन्यांच्या स्विचवर त्याला एज पोर्ट म्हणतात. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर मात्र ते लावू नये.

मिरज_जंक्शन

डिस्कच्या नावाची ओळ प्रीसीडमधून काढूनच टाकावी. मशीनमध्ये एकच डिस्क असेल तर इन्स्टॉलर आपोआप तीच धरतो, मग तिचे नाव एसडीए असो वा एनव्हीएमई. फक्त त्या वेळी कोणाचा पेनड्राइव्ह मशीनला लागलेला नसावा. ग्रब कोठे बसवायचा, त्या उत्तरात डिफॉल्ट हा शब्द द्यावा.

नावांसाठी एक साधी यादी करावी: प्रत्येक ओळीत मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आणि त्यापुढे नाव, जसे सांगली-०१, सांगली-०२. ती एनजिनएक्सवर ठेवावी आणि प्रीसीडच्या लेट कमांडमधून (इन्स्टॉलेशनच्या शेवटी चालणाऱ्या आज्ञेतून) एक छोटी स्क्रिप्ट चालवावी, जी मशीनचा मॅक पत्ता वाचून यादीत शोधते आणि होस्टनेम व होस्ट्स या दोन फाईलींत नाव लिहिते. मॅक पत्ते हाताने उतरवत बसू नये. आपण चालू केलेल्या डीएचसीपीच्या लॉगमध्ये ते सगळे आधीच आलेले आहेत. मशीन ज्या क्रमाने बाकांवर आहेत त्याच क्रमाने एकेक सुरू केली, की लॉगचा क्रम हाच यादीचा क्रम होतो. त्याच लेट कमांडच्या आधी पॅकेजांच्या यादीत फॉन्ट्स-देवा घालावे, म्हणजे देवनागरी अक्षरे सर्व मशीनवर सारखी दिसतील.

लॅब_विश्रामबाग (प्रश्नकर्ता)

भिंतीकडच्या रांगेचा स्विच खरोखरच वेगळा होता. दुसऱ्या विभागातून आलेला, आणि त्याचा पासवर्ड शोधण्यातच अर्धा दिवस गेला. पोर्टफास्ट लावल्यावर सहाही मशीन पहिल्या खेपेला उठली. नावांची यादी लॉगवरून केली. मधल्या रांगेतली दोन मशीन मी उलट क्रमाने सुरू केल्यामुळे सांगली-१७ आणि सांगली-१८ यांची बाके बदलली आहेत, ती मी तशीच ठेवली आहेत आणि वर चिठ्ठी डकवली आहे.

दहा-दहाच्या गटाने लावत दोन दिवसांत ३८ मशीन झाली. उरलेल्या दोन जुन्या मशीनच्या बायोसमध्ये नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्यायच दिसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पेनड्राइव्हवर आयपीएक्सई हा नेटवर्कवरून बूट करणारा प्रोग्रॅम घालून पाहिला. त्यातून ती आमच्या सर्व्हरपर्यंत पोचली आणि पुढचे सर्व बाकीच्यांसारखेच झाले. सातारकरांची हकीकत वाचल्यावर मेनूत पहिला पर्याय डिस्कचा केला, ४० मशीनच्या बायोसमध्ये क्रम तपासला, आणि काम संपल्यावर सर्व्हरची पॅच कॉर्ड काढून ती कपाटात, प्रॅक्टिकलच्या वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवली आहे.